बावीस किलोवॅटची भाऊबीज

आमच्या घरात कोणतीही नवी वस्तू मी निवडतो, आणि तिचं पुढं काय करायचं ते बाकीचे लोक बघतात.

गेल्या दसऱ्याला मी विजेवर चालणारी गाडी निवडली. घरात माणसं तीन: मी, माझी बायको वंदना आणि आमचे बाबा. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावहून शिरपूरकडे जाताना रस्त्याला लागून आमचं गाव, गावाच्या कडेला घर, घरामागं विहीर आणि विहिरीभोवती भाजीची वाडी. वांगी, मेथी, पालक आणि सांबार पिकवायचा अन् मालेगावच्या बाजारात नेऊन विकायचा, हा आमचा धंदा. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडचे पाहुणे आले की उगाच इडली शोधतात.) अशा माणसाला इलेक्ट्रिक गाडी कशाला, असं अर्ध्या गावानं विचारलं. उरलेल्या अर्ध्या गावानं विचारलं नाही, कारण ते हसण्यात गुंतले होते.

पण कारण होतं, आणि ते म्हणजे बाबा. बाबांना डिझेलचा वास चालत नाही. एस.टी.त बसले की मालेगावचा स्टँड सुटायच्या आत त्यांचं डोकं खिडकीबाहेर! आणि त्यांची सख्खी बहीण, माझी आत्या, राहते कारंज्याला. आत्या ब्याऐंशीची, बाबा तिच्याहून चार वर्षांनी लहान. भाऊबीजेला भावाला ओवाळल्याशिवाय ती अन्नाला शिवत नाही. मागच्या भाऊबीजेला आमची बस वाटेत बंद पडली, बाबा रस्त्याकडेच्या झाडाखाली उलट्या करून आडवे झाले, आणि कारंज्याला पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. आत्या दारात ताट घेऊन बसलेली, चक्कर येऊन भिंतीला टेकलेली. बाबांनी ते फार मनाला लावून घेतलं.

"औंदा बाईले मी उपाशी ठेवत नाई," ते वर्षभर म्हणत होते. (ते आत्याला बाई म्हणतात.) "जेवनाच्या टायमाच्या आत पोचीन म्हंजे पोचीन."

"जेवण कायले, बाबा? चहाच्या टायमाले पोचवतो तुमाले!" मी म्हणालो. "धूर नाही, वास नाही, फटफट नाही. बटन दाबलं का कारंजा!"

बाबांनी त्याच दिवशी आत्याला फोन करून कळवून टाकलं.

आता चार्जर. गाडीसोबत एक वायर आली होती. एक टोक गाडीत, दुसरं टोक कूलरच्या जाड सॉकेटात. रात्री लावा, सकाळी गाडी भरलेली, असं गाडी विकणाऱ्यानं सांगितलं. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढी थोरली गाडी अन् कूलरच्या सॉकेटावर? मी ती वायर पिशवीसकट माळ्यावर टाकली आणि वंदनाला घेऊन वाशिमच्या एका दुकानात गेलो. तिथं भिंतीवर लावायचे तीन डबे मांडून ठेवले होते: साडेतीन किलोवॅटचा, सातचा आणि बावीसचा.

"दादा, तुमच्या गाडीला सातचा पुरतो," दुकानदार म्हणाला.

पुरतो! माझं डोकंच सटकलं. पुरेल तेवढीच वस्तू घेणारा माणूस मी नव्हेच. विहिरीवर तीन एचपीची मोटर पुरत होती, मी पाचची बसवली. पाणी दुप्पट झालं! (उन्हाळ्यात विहीर तासाभरात कोरडी पडू लागली, ते सोडा.) आमच्याकडे मोटर, पाइप, फवारणीचा पंप, सगळं एका हिशेबानं घेतात: जेवढं मोठं तेवढं लवकर काम. चार्जर त्याहून वेगळा असायचं काय कारण?

"बावीसचा दाखवा," मी म्हणालो.

"अवो, पन गाडी एका टायमाले किती घेते, ते तं इचारा," वंदना हळूच म्हणाली.

"आपन देऊ तेवढं घेईन! तिले काय मधात ढेकर येते?"

दुकानदारानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. मी त्याला बोलूच दिलं नाही, मीच त्याला पाच मिनिटं समजावून सांगितलं. शेवटी तो नुसता मान हलवत डबा बांधू लागला.

डबा घेऊन आलो तर सलीमभाई अंगणातच भेटला. सलीमभाई आमच्या आसपासच्या चार गावांचा वायरिंगवाला. मोटर जळाली की लोकांना देवाच्या आधी तो आठवतो.

"भाऊ, ये क्या उठा लाये?"

"चार्जर हाय."

"मेरेकू लगा गावचा ट्रान्सफॉर्मरच काढून आनला."

मग त्यानं तो खोक्यातून काढला, उलटापालटा केला, त्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं आणि जमिनीवर मांडी घातली. सलीमभाई मांडी घालतो तेव्हा बातमी वाईट असते. घरात सिंगल फेज, डब्याला पाहिजे थ्री फेज. म्हणजे अर्ज, नवा मीटर, जाड केबल. पंधरा दिवस मी वाशिमच्या चकरा मारल्या. केबल आली ती एवढी जाड की तिला वाकवायला सलीमभाईनं एका टोकावर मला बसवलं. थ्री फेजचा बोर्ड आला मोटरच्या खोलीत, म्हणून चार्जरही तिथंच, आणि चार्जर तिथं म्हणून गाडीही तिथंच उभी राहणार. पण मोटरच्या खोलीपुढं रस्ता नव्हता, वंदनाचा सांबाराचा वाफा होता. मी एका सकाळी तो खोदून सपाट करून टाकला.

"माह्या सांबारावरच गाडी उभी कराची होती काय?" वंदना कंबरेवर हात ठेवून उभी.

"अवं, सांबार कुठीबी उगवते. चार्जर उगवते काय?"

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एक अडचण राहिली होती. एवढा डबा आणि विहिरीची मोटर एकदम चालवली तर मीटरला भार झेपत नव्हता. सलीमभाईनं मध्ये एक मोठं हँडल बसवलं. "भाऊ, ध्यान से देखो. हँडल वर, गाडी. हँडल खाली, मोटर. दोनो साथ में नही. गाडी लावली असली तर याले हात लावू नका."

"सलीमभाई, तीस वर्षं झाले मोटर चालवून राह्यलो. मले हँडल शिकवतं?"

धनत्रयोदशीला चार्जरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दहा-बारा लोक जमले होते. एकानं विचारलं, "किती एचपीचा हाय, भाऊ?"

"एचपीत मोजला तं तीस!"

"तीस?" तो मागं सरकला. "तिसात तं नदी उपसते राजा!"

सगळे गप्प झाले. माझ्या आयुष्यात लोक माझ्यापुढं असे गप्प कधी झाले नव्हते. मी शांतपणे गाडीला वायर लावली, हँडल वर केलं आणि मोबाइलवरचा किलोवॅटचा आकडा सर्वांना दिसेल असा धरला. आकडा चढत गेला. तीन, पाच, सात. आणि सातावर जो बसला तो बसलाच! मी मोबाइल हलवून पाहिला.

"भाऊ, गाडीचं तोंडच लहान हाय," सलीमभाई म्हणाला. "डब्बा बावीस देने को तैयार है, पन ती सातच घेते. बैलाले हौदावर नेलं काय अन् धरनावर नेलं काय, थो प्यानार तेवढंच."

वंदनानं माझ्याकडं पाहिलं. मग गाडीखालच्या आपल्या सांबाराच्या वाफ्याकडं पाहिलं.

"नवी हाय," मी ठासून सांगितलं. "सवय होईन हळूहळू."

सलीमभाईनं हत्यारं पिशवीत भरली आणि चहा न पिताच गेला.

पाडव्याचा दिवस उजाडला. गाडी पूर्ण भरलेली होती, आणि शहाण्या माणसानं तिला तशीच झाकून ठेवली असती. पण लोक म्हणू लागले, भाऊ, एक चक्कर मारा ना! एक चक्कर शिरपूरच्या मंदिरापर्यंत झाली. दुसरी मालेगावला. तिसरी वाशिमला, कारण शेजारच्या पांडुरंगाला दुकानदाराला तोंडावर सांगायचं होतं की आमच्या भाऊनं बावीसचाच घेतला. वाटेत मी त्यांना गाडीतला गारवा लावून दाखवला, सीट गरम करून दाखवली, आणि दोन्ही एकदम चालतात हेही दाखवलं. संध्याकाळी घरी आलो तेव्हा बॅटरीत चौदा टक्के उरले होते.

"उद्या कारंज्याले जायाचं हाय ना?" वंदना म्हणाली. "थे माळ्यावरची वायर काढून ठेवता काय? लाईट इकडची तिकडं झाली तं?"

"घरी तीस एचपी असताना माळ्यावर कायले चढू?" मी म्हणालो, गाडीला वायर लावली आणि हँडल वर केलं. डब्यावर हिरवा दिवा लागला. दुसऱ्याच मिनिटाला सगळ्या गावाची लाईट गेली.

आता आमच्या भागातल्या माणसाची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला खोटं वाटेल. आमच्याकडे लाईट येणं ही खबर असते. कुठंही, कधीही लाईट आली की पहिली आरोळी उठते, "लाईट आली वो!" आणि आरोळी ऐकली की माणूस विचार करत नाही, मोटरकडं पळतो. जेवत असेल तर ताटावरून उठतो. मी एकदा पाहुण्यांना कुंकू लावता लावता पळालो आहे. डोक्याला विचारायचं कामच नाही, पायच नेतात.

भाऊबीजेच्या पहाटे, जरा कुठं फटफटत होतं तेव्हा, पांडुरंगाच्या घराकडून आवाज आला, "लाईट आली वो!"

मी पांघरूण फेकलं आणि पळालो. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात वंदनाची. मोटरच्या खोलीत घुसलो आणि तीस वर्षांच्या सवयीनं हँडल खटकन खाली ओढलं. मोटरनं हुंकार दिला, पाइपातून पाणी धडाधड कोसळलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! फावडं घेतलं आणि वाफ्यावाफ्यानं पाणी सोडत गेलो. मेथी झाली, पालक झाला, वांगी झाली. येता-जाता गाडीवरून प्रेमानं हातही फिरवला. डब्यावरचा हिरवा दिवा लागलेला नव्हता. मी मनाशी म्हणालो, पाहा, दिवा विझला म्हणजे पोट भरलं. बावीसचा आहे शेवटी!

दोन-अडीच तास मी पाणी दिलं. मग मोटर बंद केली, अंघोळ केली, नवा सदरा घातला. बाबा कधीचेच तयार होते. पांढरंशुभ्र धोतर, कडक टोपी, मांडीवर पिशवी आणि पिशवीत बाईसाठी घेतलेलं लुगडं. अंगणातून मोटरच्या खोलीपर्यंत टाकलेल्या फरशीवरून मी त्यांना धरून नेलं आणि पुढच्या सीटवर बसवलं.

"चाल," बाबा म्हणाले. चेहरा असा फुललेला की लग्नाला निघालेत!

मी बटन दाबलं. पडद्यावर आकडा आला. चौदा.

मी बटन बंद केलं. पुन्हा दाबलं. चौदाच!

"का झालं रे?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. गाडी जराशी दम घेऊन राह्यली."

मी बाहेर येऊन सलीमभाईला फोन लावला आणि त्याला बोलूच दिलं नाही. तुझी केबल खराब, तुझं हँडल खराब, डबा खराब, रात्रभर गेलेली लाईट खराब. माझा दम संपल्यावर तो म्हणाला, "भाऊ, हँडल कहाँ है?"

मी वळून पाहिलं. हँडल खाली होतं.

"भाऊ? हॅलो?"

मी फोन ठेवून दिला. दारात वंदना चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं हँडलकडं पाहिलं, भिंतीला टेकवलेल्या चिखलानं भरलेल्या फावड्याकडं पाहिलं, आणि कप मला न देता स्वतःच प्यायला सुरुवात केली.

हँडल वर केलं. मोबाइलनं सांगितलं, कारंजा गाठायचं तर तीन तास थांबा. ठीक आहे, मी हिशेब केला, तीन तास थांबू, दुपारी का होईना जेवणाच्या वेळेला पोहोचू. तोवर गाडी जरा सावलीत घ्यावी, बाबांना ऊन लागतंय, म्हणून वायर काढून मी ती हातभर मागं घ्यायला गेलो. चाकं जाग्यावरच गरगरली आणि काळ्या मातीचा एक फराटा माझ्या मोटरखोलीच्या भिंतीवर बसला. तेव्हा खाली वाकून पाहिलं. मी सांबाराचा वाफा सपाट केला होता, पण त्या वाफ्याला पाणी नेणारा दांड बुजवला नव्हता! पहाटेपासूनचं अर्धं पाणी इमानानं त्याच दांडातून जुन्या जागी गेलं होतं. गाडी अर्ध्या चाकापर्यंत चिखलात बसली होती आणि मी चाकं फिरवून तिला आणखी खाली बसवलं होतं.

दुसरी गाडी मिळते का म्हणून मी गावभर पळालो. पण भाऊबीज! गावातली झाडून सारी वाहनं बहिणींकडं गेलेली. गाडी ओढायला ट्रॅक्टर म्हणावा, तर पांडुरंग ट्रॉलीत चार भावांना भरून सकाळीच अमानी गावाकडं निघून गेला होता. एस.टी.चं नाव काढलं तर बाबा म्हणाले, "यष्टीत बसून मी अर्ध्यावरच पडीन, अन् बाई तथी वाट पाहत बसन. मी तिले गाडीनं येतो म्हून सांगतलं. मी गाडीतून उतरत नाई." आणि खरंच उतरले नाहीत. पिशवी मांडीवर घट्ट धरून समोरच्या वांग्यांकडं बघत बसले. डोळ्यांत पाणी होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केलं असतं. त्या डोळ्यांकडं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहा वाजता आत्याचा फोन आला.

"कुठी आले रे, दिगू?"

मी दिगंबर. खोटं बोलायची मला सवय नाही, पण त्या दिवशी तोंडातून आपोआप निघालं, "आलोच, आत्या! हे पाह्य, अर्ध्या वाटेवर—"

"वाडीतच हावो, बाई!" बाबा आतून ओरडले. "मी गाडीत बसून हाय, पन गाडी चिखलात बसून हाय!"

 आत्या बाबांना बापू म्हणते. ती एवढंच म्हणाली, "बापूले म्हना, जेवजो नोको," आणि फोन बंद झाला.

वंदनाला ते लगेच कळलं. तिनं चूल... म्हणजे गॅस पेटवला, पुरण शिजायला टाकलं आणि मला अंगण झाडायला लावलं. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, "तुमी नका डोकं लावू आज."

दीड वाजता दारात ऑटो थांबला. त्यातून आत्या उतरली. ब्याऐंशी वर्षांची, हाडं मोजून घ्यावी अशी, हिरवं लुगडं, काखेत फडक्यात बांधलेलं ओवाळणीचं ताट. कारंज्याहून एस.टी.नं, अर्ध्या वाटेवरच्या शेलूबाजारावरून, एकटी आली होती. पंच्याहत्तरीच्या पुढं यष्टीत तिकीट लागत नाही, हे तिनं मला पहिल्यांदा ऐकवलं. दुसऱ्यांदा ऐकवलं की सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही नाही. तिसरं काही ऐकवायच्या आत तिला गाडीत बसलेले बाबा दिसले.

"बाई!" बाबा उतरायला लागले.

"उतरू नोको, बापू. धोतर भरन. बस तसाच."

आणि ती स्वतः लुगडं वर खोचून घोट्याएवढ्या चिखलात शिरली. वंदनानं तिला एका हातानं धरलं, दुसऱ्या हातानं निरांजन लावलं. मी गाडीचं दार उघडं धरून उभा होतो. तेवढंच काम माझ्यावर सोपवण्यात आलं होतं. बाबांनी डोकं बाहेर काढलं. आत्यानं कुंकू लावलं, टोपीवर अक्षता टाकल्या, ओवाळलं.

"तू उपाशीच आली, बाई," बाबांचा आवाज फुटला. "मी औंदाबी..."

"तू येतच होता ना? सकायपासून बसून हायेस, दिसते मले."

बाबांनी लुगड्याची पिशवी तिच्या हातात दिली आणि तिचा हात सोडलाच नाही. वंदना रडत होती, मी दार धरून रडत होतो. मग वंदनानं पाट आणून फरशीवर मांडले, दोघा बहीणभावांना शेजारी शेजारी जेवायला बसवलं. आत्यानं पुरणपोळीचा पहिला घास घेतला, तेव्हा कुठं बाबांनी टोपी काढून डोळे पुसले.

दोन पोळ्या पोटात गेल्यावर आत्याचं लक्ष भिंतीवरच्या डब्याकडं गेलं.

"हे का हाय रे, दिगू?"

"चार्जर हाय, आत्या. बावीसचा! आपल्या अख्ख्या भागात एवढा मोठा कोनाकडं नाही."

"मोठाच हाय बाप्पा," आत्या तूप वाढून घेत म्हणाली. "मले ब्याऐंशीव्या वर्षी कारंज्याहून वढून आनलं त्यानं!"

बाबा हसले. वंदना तर हसता हसता भिंतीला टेकली. विचारपूस करायला तेवढ्यात सलीमभाईचा फोन आला होता, तोही पलीकडून हसत होता. मी मान खाली घालून गप्प बसायला हवं होतं, एवढं मलाही कळत होतं. पण जीभ काही ऐकेना.

"मंग!" मी म्हणालो. "लहान घेतला असता तं तू शेलूबाजारापर्यंतच आली असती!"